जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझी पेट्रोल अँबॅसिडर १९७४ ची आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गोव्याकडे चोर्ला घाट उतरताना अर्ध्यावर पेडल खाली जायला लागतं. गॅरेजवाले म्हणतात, जुन्या बाजारातून डिस्क आणून बसवू. कुठल्या गाडीचे घ्यावेत? – वाचक, बेळगाव

उत्तर : डिस्क जरूर बसवा, पण आधी चारही ड्रम उघडून बघा. उतारावर पेडल खाली जायची कारणं वेगवेगळी असतात. तापलेला ड्रम फुगतो आणि आतून त्याला घासणाऱ्या शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल जास्त दाबावं लागतं. शूवरचा लायनर तापला की त्याची पकड उतरते. तिसरं कारण सगळ्यात धोक्याचं : ब्रेक ऑइल उकळतं आणि पाइपात वाफ धरते. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पण हवेतला ओलावा शोषून जुनं झालं की १४० अंशांनाच उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर पहिला खर्च तिथे करा. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. डिस्क बसवल्यावरही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला दाब देऊन पाइपात ढकलणारा भाग. जुन्या गाड्यांत चारही चाकांना ऑइल एकाच वाटेने जातं. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. पुढच्या आणि मागच्या चाकांची वाट वेगळी करणारा टँडम मास्टर सिलिंडर बसवा. पैसे एकाच कामापुरते असतील, तर डिस्कच्या आधी हे काम करा असं मी कळकळीने सांगेन.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. शेवटच्या काळातल्या काही अँबॅसिडरना कंपनीचेच पुढचे डिस्क येत. असा संच मिळाला तर दुसरीकडे बघू नका. मात्र नुसते डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा भाग) उचलू नका. स्टब अ‍ॅक्सल (पुढच्या चाकाचा हब ज्यावर फिरतो तो दांडा), हब, डिस्क, कॅलिपर, बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाच्या जोराला मदत करणारा डबा) आणि मास्टर सिलिंडर एकाच गाडीचे घ्या. कॅलिपरचा पिस्टन केवढा, मास्टरचा बोअर (आतला व्यास) केवढा, पेडलचा रेटा किती हा हिशोब कंपनीने एकत्र बसवलेला असतो. एक भाग इकडचा, एक तिकडचा केला की तो हिशोब पुन्हा तुम्हाला करावा लागतो. संच घेताना तुमचा मॉडेल आणि संच ज्या मॉडेलचा आहे तो, यांची पुढच्या चाकांची जोडणी शेजारी ठेवून मापं ताडून बघा.

जुन्या संचात काय तपासायचं? डिस्कवर कमीत कमी जाडी बहुधा कोरलेली असते, तिच्याखाली गेलेली डिस्क नको. पिस्टनला गंजाचे खड्डे असतील तर नवं सील टिकणार नाही. रबरी होज (पाइप) कितीही चांगले दिसले तरी नवेच घ्या. बसवल्यावर डायल गेज लावून डिस्कचा डगमग मोजा, साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. चाक लावून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि कॅलिपर रिमला किंवा होजला कुठे घासतोय का ते बघा. स्टेपनीचं रिमही लावून बघा, ते बरेच जण विसरतात.

दुसऱ्या गाडीचे कॅलिपर लावायचे तर ते अडकवायला ब्रॅकेट करावा लागतो आणि इथे बेळगावकरांना सावध करायला हवं. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉप हाताशी असल्यामुळे ब्रॅकेट बिडात ओतून घ्यायचा मोह होतो. डिस्क बिडाची असते आणि ती तशीच योग्य. पण ब्रॅकेटला बीड नको. ते ठिसूळ असतं, झटक्याने तुटतं. ब्रॅकेट पोलादी प्लेटमधून मशीन करून घ्या, बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे लावा. स्टब अ‍ॅक्सलवर वेल्डिंग करायला कोणी निघालं, तर गाडी तिथून उचला.

प्रश्न : माझ्या पद्मिनी गाडीला डिस्क लावून घेतले. आता पेडल दगडासारखं लागतं, उलट पूर्वीपेक्षा जास्त जोर द्यावा लागतो. डिस्क खराब आहेत का? – वाचक, निपाणी

उत्तर : डिस्क बहुतेक ठीक आहेत. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे तुमच्या पायाला फुकटची मदत मिळत होती. डिस्कमध्ये तसं काही नसतं, सगळा दाब पायानेच द्यायचा. म्हणून बूस्टर लागतो. गॅरेजवाल्याने तो लावला नसेल तर काम अर्धंच झालंय. लावला असेल तर इंजिनपासून येणारा व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला एकेरी व्हॉल्व्ह तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली बसलं तर बूस्टर जिवंत आहे.

काही जण बूस्टर टाळून लहान बोअरचा मास्टर सिलिंडर लावतात. सात अष्टमांश इंचाऐवजी पाऊण इंचाचा लावला तर त्याच जोरात साधारण ३६ टक्के जास्त दाब मिळतो, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जातं. कॅलिपरला मुळातच ऑइल जास्त लागतं, त्यामुळे पेडल तळाला टेकण्याचा धोका असतो. तवंदी घाट रोजचा असेल तर बूस्टरच घ्या.

प्रश्न : जीपला पुढे डिस्क लावले. दहा-बारा किलोमीटर गेलं की पुढची चाकं तापतात, गाडी ढकलली तरी हलत नाही. ब्रेकच्या पाइपातली एअरही निघत नाही. – वाचक, खानापूर

उत्तर : जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात साधारण १० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब कायम ठेवतो. ड्रमच्या स्प्रिंग त्यावर मात करतात, पण कॅलिपरला स्प्रिंग नसतात, म्हणून पॅड डिस्कला चिकटून राहतात. पुढच्या वाटेतला तो व्हॉल्व्ह काढा. मात्र जुन्या जीपचा मास्टर पायाखालच्या फळीखाली, कॅलिपरपेक्षा खाली असतो आणि मग ऑइल उलट उतरून येतं. तिथे डिस्कसाठीचा २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावावा लागतो. शिवाय पेडल आणि मास्टरच्या दांड्यात किंचित मोकळीक आहे का बघा. ती नसेल तरी नेमका हाच त्रास होतो.

एअर निघत नाही असंही तुम्ही लिहिलंय. हवा काढायचा निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की निपल खाली जातो आणि हवा वर अडकून बसते.

प्रश्न : माझी अँबॅसिडर डिझेल आहे. बूस्टर चालेल का? – वाचक, चिकोडी

उत्तर : चालेल, पण व्हॅक्यूम पंप लावल्यावर. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे बूस्टरला लागणारी व्हॅक्यूमची ओढ तयार होते, डिझेलमध्ये ती पुरेशी नसते. अल्टरनेटरच्या मागेच पंप असलेला प्रकार मिळतो, तो घ्या.

प्रश्न : डिस्क लावल्यापासून पावसात जोरात ब्रेक मारला की गाडीचा मागचा भाग घसरतो. – वाचक, हुक्केरी

उत्तर : पुढच्या डिस्कसाठी वाढवलेला दाब मागच्या ड्रमलाही जातोय. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, मागची हलकी झालेली चाकं आधी जाम होतात. मागच्या पाइपात प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी ठेवणारा) लावा आणि मोकळ्या, कोरड्या मैदानात कमी वेगाने बघत बघत तो असा जमवा की पुढची चाकं आधी जाम होतील. तोपर्यंत पावसात गाडी काढू नका.

प्रश्न : गाडी पन्नास वर्षांची झाली. व्हिंटेज नोंदणी करायची आहे. डिस्क लावू का? – वाचक, संकेश्वर

उत्तर : २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल तर व्हीए मालिकेचा क्रमांक मिळतो. अशा गाडीने रोज फिरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. मग डिस्कची निकड राहत नाही. मूळ ड्रम नीट करून घ्या, ती गाडी तशीच शोभते. रोजच्या वापरासाठी नेहमीच्या केए २३ (चिकोडी आरटीओच्या) क्रमांकावरच ठेवणार असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. म्हणून काम सुरू करण्याआधी चिकोडीच्या आरटीओत लेखी विचारा, आणि काढलेले ड्रम, शू, हब तेल लावून जपून ठेवा.