आंब्याच्या ओंडक्यांवर घरी अळंबी लावता येईल का?

अंगणातला आंबा नुकताच तोडलाय, ओंडके पडून आहेत, तर व्हिडिओत दाखवतात तशी शिटाके ही जपानी अळंबी त्यांवर येईल का, असं तुम्ही विचारलंय. अळंबी येईल, पण शिटाकेचा नाद सोडा. ते थंड हवेतलं पीक. जपानात ते ओकच्या जातीच्या ओंडक्यांवर घेतात, चिपळूणच्या उकाड्यात त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. धिंगरी, म्हणजे ऑयस्टर अळंबी, लावा. आंब्याचं लाकूड तिला चालतं. साग असता तर नाहीच म्हटलं असतं. सागाचा गाभा सहजी कुजत नाही आणि अळंबीला तर कुजणारं लाकूडच हवं.

ओंडका ताजा हवा, पण कालच तोडलेला नको. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. महिनोन् महिने पडलेला, साल सुटलेला, टोकांना चिरा गेलेला ओंडका चुलीत घाला. त्यात दुसऱ्या बुरशीने आधीच बिऱ्हाड केलेलं असतं. साल सोलू नका, लाकडातली ओल तीच धरून ठेवते.

व्हिडिओत ड्रिलने भोकं पाडून स्पॉन, म्हणजे अळंबीचं बियाणं, धरलेल्या लाकडी खुंट्या ठोकतात आणि वर मेण लावतात. आपल्याकडे स्पॉन मिळतं ते बहुतेक गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा प्रकल्प आहे, तिथे चौकशी करा. दाणे पांढऱ्या बुरशीने घट्ट चिकटलेले असावेत. हिरवा-काळा डाग किंवा आंबूस वास असेल तर पिशवी घेऊ नका.

असं दाणेदार स्पॉन असेल तर मी भोकांच्या भानगडीत न पडता थर लावतो. ओंडक्याचे फूट-फूटभर तुकडे करायचे. एक तुकडा उभा ठेवून त्याच्या डोक्यावर बोटभर जाड स्पॉन पसरायचं, वर दुसरा तुकडा, पुन्हा स्पॉन आणि शेवटी दोन इंची चकती. सगळ्यावर काळी प्लास्टिकची पिशवी उलटी घालायची, खाली थोडी सैल ठेवायची. काही महिन्यांनी पिशवी उचलून बघा: दोन तुकड्यांच्या फटीत पांढरं जाळं धरलेलं दिसेल आणि वरचा तुकडा हलवला तरी सहज सुटणार नाही. असं झालं की पिशवी काढा.

खरा वैरी वाळवी. ओंडका मातीला टेकला की संपलं. खाली चिरे रचा आणि मातीची नळी वर चढताना दिसली की रोज खरवडून टाका. वाळवीचं औषध मारू नका, खायची वस्तू आहे. गंमत म्हणजे पावसात बाजारात येणारी रानातली अळंबी याच वाळवीच्या कृपेने उगवते. वाळवी वारुळात तिची बुरशी पोसते, म्हणून ती आपल्याला घरी लावता येत नाही.

पहिलं पीक यायला सहा महिने ते वर्ष धरा. उन्हाळ्यात ओंडके सावलीत आणि ओले ठेवा, पाऊस पडला की कळ्या फुटतात. इतका धीर नसेल तर भाताच्या पेंढ्यावर लावा. पेंढा भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळून स्पॉनसोबत पिशवीत भरला की महिन्याभरात भाजीपुरती धिंगरी निघते. खरं सांगायचं तर घरात खायला हवी असेल तर पेंढाच बरा. ओंडके पडलेलेच आहेत आणि हौस आहे, तर ओंडके.

छत्रीची कड वर वळायच्या आत काढा. उशीर झाला की पांढरी भुकटी उडते, आणि दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होतो. त्याच ओंडक्यावर धिंगरीसारखी न दिसणारी छत्री आली, कितीही गोंडस असली, तरी उपटून टाका. तुम्ही लावलंत एक म्हणून दुसरी उगवणार नाही असं नसतं.