लोकेशन बंद, तरी त्याला ठाऊक

"लोकेशन बंद ठेवते, तरी मी कुठे गेले ते त्याला बरोबर कळतं. फोन हॅक झालाय का?" नवऱ्यापासून वेगळी राहणारी ती, फोन टेबलावर पालथा ठेवून विचारत होती. हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. हॅकिंग क्वचितच निघतं. बहुधा कधीकाळी विश्वासाने दिलेली परवानगी काढून घ्यायची राहिलेली असते.

तिचा फोन अँड्रॉइड. गूगल मॅप्समध्ये वरच्या प्रोफाइल फोटोवर टॅप करून 'लोकेशन शेअरिंग' उघडलं, तर त्याचं नाव समोर. एका प्रवासाच्या वेळी तिनेच ते मुदत न घालता सुरू केलं होतं. रस्ता शोधायला ती लोकेशन चालू करायची, तेवढ्यात त्याच्याकडचा ठिपका ताजा व्हायचा.

मग बंद असताना कसं कळायचं? गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात डिव्हाइसची यादी असते. तिच्यात एक जुना टॅब होता, त्याच्या घरी राहिलेला, अजून लॉग-इन. टॅक्सीच्या पावत्या ईमेलवर यायच्या आणि त्यांत उतरल्याचा पत्ता असायचा. त्याला जीपीएसची गरजच नव्हती.

ती लगेच सगळं बंद करायला निघाली, आम्ही थांबवलं. ठिपका गायब झालेला समोरच्याच्या लक्षात येतो, आणि संतापी माणसाच्या बाबतीत तीच वेळ धोक्याची. आधी काही दिवस राहायची जागा ठरवली. पुरावा म्हणून स्क्रीनचे फोटो बहिणीच्या फोनने काढले, कारण स्क्रीनशॉटचा बॅकअप त्याच खात्यात गेला असता तर ते टॅबवरही दिसले असते.

पुढे क्रम महत्त्वाचा. खात्याचा रिकव्हरी नंबर त्याचाच होता. तो तसाच ठेवून पासवर्ड बदलला असता, तर त्याने खातं परत मिळवायचा प्रयत्न केला असता. म्हणून बहिणीच्या फोनवरून आधी नंबर, मग पासवर्ड, मग टॅब साइन-आउट, दोन टप्प्यांची पडताळणी आणि शेवटी मॅप्स.

आयफोन असेल तर आयओएस १६ पासून सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'सेफ्टी चेक' आहे. त्यातलं 'इमर्जन्सी रीसेट' सगळं शेअरिंग एकदम तोडतं. घाई नसेल तर एकेक नाव तपासून काढलेलं बरं.

चार दिवसांनी त्याचा मेसेज आला, "मॅप्सवर दिसत नाहीस." ठरल्याप्रमाणे तिने उत्तर दिलं नाही, तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवली.