पॅनडॉकने मार्कडाउनचं एचटीएमएल केलं, पण एका फाइलमधून दुसरीत जाणाऱ्या लिंक चालत नाहीत. काय करू?

तुमचं काही चुकलेलं नाही, पॅनडॉक (फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात बदलणारं टूल) मुळात लिंकला हातच लावत नाही. तुम्ही लिंकमध्ये 'बॅकअप डॉट एमडी' (एमडी म्हणजे मार्कडाउन फाइल) लिहिलंत की तो एचटीएमएलमध्ये पण तेच ठेवतो, आता ती फाइल तिथे नसेल तर ब्राउझर बिचारा काय करणार.

पहिला मोह होतो तो सगळीकडे डॉट एमडीच्या जागी डॉट एचटीएमएल असं फाइंड-रिप्लेस करायचा. मी पण तेच केलं होतं, ऑफिसचं मॅन्युअल होतं, चाळीसेक फाइल्स, सेड (कमांडने शोधून बदलणारं टूल) चालवलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर 'सीएमडी उघडा' असं जिथे जिथे होतं तिथे 'डॉट एचटीएमएल उघडा' झालेलं 😅 रेगेक्समध्ये (सेड ज्या पॅटर्नने शोधतं त्यात) नुसता टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, त्यामुळे सीएमडीमधला सी पण त्यात गेला. टिंबाआधी बॅकस्लॅश टाकून हे सुटतं, पण मजकुरात साधं फाइलचं नाव आलं असेल तर तेही बदलतंच.

म्हणून लुआ फिल्टर वापरा, म्हणजे लुआ या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट, जी पॅनडॉक रूपांतर करताना चालवतो. पॅनडॉक २.० पासून (२०१७) तो आतच आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. फिल्टरमध्ये लिंक नावाचं एक फंक्शन लिहायचं, त्यात फक्त लिंकच हातात येतात, त्यांचा पत्ता बदलायचा, बाकी मजकूर सुरक्षित. पत्ता एचटीटीपीने सुरू होत असेल तर तसाच सोडा, नाहीतर गिटहबवरच्या दुसऱ्यांच्या फाइल्सच्या लिंक मोडाल. बाकीच्यांत शेवटचं डॉट एमडी बदला, आणि डॉट एमडीनंतर हॅश (#, म्हणजे त्या फाइलमधल्या ठरावीक हेडिंगची लिंक) आलं असेल तर तेही बदला, हे दुसरं हमखास राहतं. लुआमध्ये टिंबाआधी बॅकस्लॅश नाही, टक्क्याचं चिन्ह लागतं, त्यात माझा अर्धा तास गेला.

आता हॅशनंतरचं, खरा त्रास इथे आहे. हॅशनंतर येतो तो हेडिंगचा आयडी पॅनडॉक स्वतः बनवतो, आणि एकाच फाइलमध्ये 'सेटिंग' दोनदा आलं तर दुसऱ्याला मागे -१ लावतो. उद्या कोणी वर आणखी एक 'सेटिंग' घातलं की आकडे सरकतात, लिंक तुटत नाही पण भलत्याच ठिकाणी नेते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे ज्या हेडिंगला बाहेरून लिंक आहे त्याला महिरपी कंसात हॅश लावून स्वतःच आयडी द्या, मग हेडिंग कितीही बदला.

अजून एक, विंडोजवर कॅपिटल-स्मॉल चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर चढवलं की ४०४, म्हणजे पान सापडत नाही. फाइलनावं सगळी स्मॉलमध्ये ठेवा, स्पेस नको.

तपासायला विगेट (वेबपानं उतरवणारं टूल) स्पायडर मोडमध्ये, म्हणजे न उतरवता नुसतं तपासायला, चालवा, नसलेल्या फाइल्स लगेच कळतात. हॅशनंतरचं मात्र तो बघत नाही, ते मी अजून हातानेच क्लिक करून बघतो.