चतुर्थीला घरी आलो, लेक कडेवरून उतरेना

रॉटरडॅमहून एका आईचं पत्र आलंय. गेल्या गणपतीत त्या देवगडला सासरी गेल्या होत्या. साडेतीन वर्षांची लेक पाचही दिवस कडेवरून उतरली नाही. झांजा वाजल्या की आतल्या खोलीत पळायची. सासूबाई म्हणाल्या, "चेडवाक कोंडून ठेवलात म्हणान बुजता." म्हणजे, पोरीला फ्लॅटमध्ये कोंडून ठेवलंत म्हणून ती बुजते. आमचंच चुकलं का, असं त्या विचारतात.

नाही. फ्लॅटमुळे मूल बुजरं होत असतं, तर खळ्यात वाढलेलं एकही पोर दाराआड लपलं नसतं. कुठल्याही वाडीत विचारा.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं १९५६ पासून शंभरावर मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. त्यांतली सुमारे १५ टक्के अशीच होती: नव्या जागी आधी मागे सरणारी, मग सावकाश रुळणारी. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे नवी खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. अशा मुलांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग नव्या गोष्टीनं चटकन चेततो, असं त्यांचं म्हणणं. चार महिन्यांच्या बाळाला कोण कोंडणार! जुळ्यांच्या अभ्यासांतही आनुवंशिकतेचा वाटा दिसतो. म्हणून सासूबाईंना हळूच विचारा, त्यांचा झील, म्हणजे तुमचा नवरा, या वयात कसा होता.

मात्र यातली सगळीच बाळं पुढे बुजरी राहिली नाहीत. ज्या घरांत मुलाला प्रत्येक नव्या गोष्टीपासून वाचवलं जायचं, तिथं बुजरेपणा जास्त टिकला. त्यामुळे यंदा गणपतीला जायचंच नाही, हा तुमचा विचार मला पटत नाही.

फक्त आदल्या रात्री पोचू नका. रजा मिळत असेल तर चार-पाच दिवस आधी जा, घरात माणसं कमी असताना. गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, कवंडळं, आंब्याचे टाळे बांधले जातील तेव्हा एखादी सुपारी तिच्या हातून द्या. पखवाज कोपऱ्यात गप्प पडलाय तोवरच तिला त्यावर थाप मारू द्या. पहिल्या आरतीला तिला घेऊन पडवीत थांबा, दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी. आणि "लाजाळू आहे हो आमची" हे तिच्या देखत पाहुण्यांना सांगणं बंद करा. मुलं ऐकत असतात.

सासूबाईंना उपदेश नको, काम द्या. मोदक वळताना उकडीचा एक गोळा शेजारच्या पाटावर ठेवायचा. हाक मारायची नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. वळत राहायचं.