एडिनबराजवळच्या क्रॅमंड बेटावर महायुद्धातले अवशेष बघायला किती वेळ लागतो?

बेट छोटं आहे, तासाभरात फिरून होतं. पण किती वेळ लागतो यापेक्षा किती वेळ मिळतो, हे आधी बघा.

किनाऱ्यापासून बेटापर्यंतची वाट दीडेक किलोमीटरची, आणि ती फक्त ओहोटीला उघडी पडते. पूर्ण सुकतीच्या (पाणी सगळ्यात खाली असतं ती वेळ) आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढीच मुभा. सुकती दुपारी २ ला असेल तर १२ ते ४ मध्ये जाणं, बघणं, परतणं सगळं आलं. एका बाजूला पंचवीस मिनिटं धरा, साडेबाराला निघा आणि ३ वाजता बेट सोडा. वेळा वाटेच्या तोंडाशी फलकावर असतात. नाहीतर ८१४०० वर इंग्रजीत 'क्रॅमंड' असा मेसेज टाका. छापील तक्ता वापरणार असाल तर तो बहुधा ग्रीनिच वेळेचा असतो, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. लोक हमखास इथेच फसतात.

"आम्ही कोकणातले, आम्हाला भरती काय शिकवता" म्हणणारे एक काका प्रत्येक मराठी मंडळात असतात. काका, इथे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्यात साधारण पाच मीटरचा फरक पडतो, रत्नागिरीपेक्षा बराच जास्त. पुळण सपाट, त्यामुळे पाणी लाट होऊन समोरून येत नाही, दोन्ही बाजूंनी पसरत येतं आणि वाट मधेच बुडते. "घोटाभरच आहे" म्हणत निघायचं नाही. अडकलात तर बेटावरच थांबा, ९९९ लावा, कोस्टगार्ड मागा. क्वीन्सफेरीची लाइफबोट नेते.

आता अवशेष. वाटेला लागून काँक्रीटच्या टोकदार खांबांची रांग आहे ती दुसऱ्या महायुद्धातली: भरतीच्या पाण्यावरून शत्रूच्या छोट्या बोटी आत घुसू नयेत म्हणून. खाडीच्या आतल्या बाजूला रोसाइथचा नौदल तळ होता, सगळा खटाटोप त्यासाठी. खांबांच्या बुडाशी शेवाळ आहे, त्यावर चढून फोटो काढू नका. तोफांचे चौथरे आणि कोठारं समुद्राकडच्या टोकाला आहेत, आधी तिथे जा, बाकीचं परतताना. आत अंधार, फुटक्या बाटल्या, भिंतभर रंगरंगोटी. टॉर्च आणि जाड तळाचे बूट हवेत. छताखाली जपून: आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीटची खपली सुटते. समोरचं इंचमिकरी बेटही असंच बांधकामांनी भरलेलं आहे, पण ते पक्ष्यांसाठी राखीव, लांबूनच बघायचं.

आणि हो, दोन तास ही कमाल मर्यादा. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) पाणी तेवढं आटत नाही, तेव्हा मुभा आणखी कमी धरा. बेटावर पाणी नाही, शौचालय नाही. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना नेऊ नका. खांब किनाऱ्यावरूनही दिसतात.