सरकारी शाळेत घालू का?

प्रश्न: ताई, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत 14च मुलं, सगळे म्हणतात इंग्रजीत घाल. काय करू?

उत्तर: अगं, आधी एक दिवस त्या वर्गात जाऊन बस. मी अशाच शाळेत बघितलंय, बाईंनी काजूच्या बिया ओतल्या, दहा-दहाचे ढीग करायला लावले आणि आकडे बघून रडणारी पोर शेजारच्याला हातचा समजावत होती! सोलापूरच्या परितेवाडीतले डिसले गुरुजी जिल्हा परिषद शाळेतलेच ना, पुस्तकात क्यूआर कोड आणले, 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज हे जगभरातल्या शिक्षकांमधून दिलं जाणारं बक्षीस मिळालं, आणि त्याच्या 10 लाख डॉलरमधले अर्धे अंतिम फेरीतल्या बाकी 9 शिक्षकांना वाटले. बाई जीव ओतून शिकवत असतील तर 14 मुलं म्हणजे फायदाच गो, प्रत्येकाची वही रोज बघून होते. फक्त त्यांची बदली कधी आहे, तेवढं विचार.