कोरीव हस्तिदंती ग्रिप रिव्हॉल्व्हरवरून काढून सुट्या विकाव्यात का?

आधी एक विनंती करतो: ग्रिपचा स्क्रू अजून काढला नसेल तर काढू नका.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत सासऱ्यांच्या संग्रहातून १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन या रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवर अलीकडे बनवलेलं रिव्हॉल्व्हर तुमच्याकडे आलंय. त्याच्या मुठीवर गरुड आणि साप कोरलेल्या हस्तिदंती ग्रिप (मुठीच्या दोन बाजूंना बसवलेल्या पट्ट्या) आहेत, त्या तेवढ्या विकून बंदूक ठेवायचा विचार आहे. जुन्या मुठींची डागडुजी करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सांगतो, ही वस्तू विकायची सगळ्यात अवघड वाट तुम्ही निवडताय.

६ जुलै २०१६ पासून तिथल्या केंद्रीय नियमांनी आफ्रिकी हस्तिदंताचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा व्यापार जवळजवळ बंद केला. २०० ग्रॅमपेक्षा कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना सूट आहे. ग्रिपच्या जोडीचं वजन त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण त्या सवलतीला आणखी अटी आहेत. हस्तिदंत एखाद्या मोठ्या वस्तूचा पक्का बसवलेला भाग असला पाहिजे, आणि त्या वस्तूची मुख्य किंमत हस्तिदंतामुळे असता कामा नये. ग्रिप सुटी केली की पहिली अट तिथेच मोडते. रिव्हॉल्व्हरवर ठेवली तरी दुसरी अट आडवी येऊ शकते, कारण नव्या बनावटीच्या साध्या बंदुकीवर उत्तम कोरलेली जोडी असेल तर खरी किंमत बहुतेक तिचीच असते. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना वेगळी सूट आहे, पण तुमची बंदूक जुनी नाही आणि ग्रिपचं वय सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते.

राज्यातल्या राज्यात विकायची असेल तर हस्तिदंत अमेरिकेत केव्हा आला हे दाखवावं लागतं: आफ्रिकी असेल तर १८ जानेवारी १९९० च्या आधी, आशियाई असेल तर १९७५ च्या आधी. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीचे स्वतःचे कायदे याहून कडक आहेत, त्यांत मॅमथचा, म्हणजे हत्तीसारख्या नामशेष प्राण्याचा, दातही धरलाय. ईबे या ऑनलाइन विक्रीच्या साइटने तर जानेवारी २००९ पासून हस्तिदंत बंदच केलाय. काही जण ‘बैलाचं हाड’ असं लिहून विकतात. कृपा करून तसं करू नका. १९७९ ते १९८९ या दहा वर्षांत आफ्रिकेतले हत्ती निम्म्यावर आले, म्हणून तर ती १९९० ची तारीख आली.

आता मुळात ग्रिप कशाच्या आहेत ते बघा. काही काढायची गरज नाही. मुठीच्या खालच्या कडेला दात आडवा कापला गेलेला असतो. तिथे भिंग धरून उजेड तिरका पाडलात की बारीक रेषा एकमेकींना छेदताना दिसतील. दाताच्या बाहेरच्या भागाकडच्या रेषांचा कोन बघायचा: ११५ अंशांहून मोठा असेल तर हत्ती, ९० हून लहान असेल तर मॅमथ. रेषांऐवजी बारीक काळपट ठिपके दिसले तर ते हाड. आणि एका दिशेने जाणारे, आखल्यासारखे एकसारखे पट्टे असतील तर बहुधा प्लास्टिक. मॅमथवर केंद्रीय बंदी नाही, म्हणून हा कोन इतका महत्त्वाचा.

तापवलेली सुई टोचून बघा असा सल्ला कुणीतरी देईलच. पूर्वी एकाच्या जोडीवर मी ते केलं होतं. हस्तिदंत खराच निघाला, पण गरुडाच्या पंखाखाली काळा ठिपका पडला तो कायमचा. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

स्क्रू काढू नका म्हणण्याचं दुसरंही कारण आहे. हस्तिदंत हवेतल्या ओलीने फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. वर्षानुवर्षं बंदुकीच्या एकाच फ्रेमवर (सांगाड्यावर) बसलेल्या ग्रिपला जरा जोर लागला की स्क्रूच्या भोकापासून तडा जातो. शिवाय ती त्याच फ्रेमला घासून बसवलेली असते, दुसऱ्या बंदुकीवर कडा जुळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सेनानी जनरल पॅटन याच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरवर त्याची आद्याक्षरं असलेल्या हस्तिदंती ग्रिप आहेत. त्या वेगळ्या काढून बघा मनातल्या मनात, दोन्हींचं काय उरतं?

म्हणून आधी सासऱ्यांचे कागद चाळा. बिल, विम्याची यादी, कारागिराचं पत्र, काहीही चालेल. १९९० च्या आधीची तारीख असलेला, ग्रिप दिसत असलेला फोटो मिळाला तर फारच उत्तम. दाताचे बारीक तडे आणि पिवळसर डाग प्रत्येक जोडीवर वेगळे असतात, त्यामुळे फोटोतली जोडी हीच का हे जुळवता येतं. मग ते सगळं घेऊन या विषयातल्या वकिलाला भेटा. कागद काहीच निघाले नाहीत तर विकू नका, घरात कुणाला आवडत असेल तर त्याला देऊन टाका. आणि बंदुकीसकट परराज्यात विकायची वेळ आली तर व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करा.

खालच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो टाकलात तर रेषा बघून सांगतो.